पंचनाम्यात न आलेला खराटा

१

एका पंचनाम्यावर माझी सही आहे. तो १९९६ सालच्या डिसेंबरातला. त्या वेळी मी कल्याण पूर्वेला एका शाळेत शिक्षक होतो. वस्तीतला शिकलेला माणूस म्हणून रेशनकार्डाच्या अर्जापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत सगळे कागद माझ्याकडे येत. त्या दिवशी पहाटे सहाच्या सुमाराला शेजारचा पोरगा धापा टाकीत दारात आला आणि म्हणाला, ‘गुरुजी, मावशीला गाडीनं उडवलं.’

मावशी म्हणजे आमच्या ओळीतल्या चौथ्या घरातली बाई. एका ठेकेदाराकडे रस्ता झाडण्याच्या कामाला जायची. शहरातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या कडेला ती पडलेली होती. कोणीतरी अंगावर गोणपाट टाकले होते. गाडी केव्हाच निघून गेली होती. हवालदाराला दोन पंच हवे होते. त्याने मला विचारले, ‘शिकलेले दिसता, सही करता ना?’ मी हो म्हणालो. त्याने लिहिले, मी वाचले. मजकूर असा होता की, सदर मयत स्त्री रस्ता ओलांडत असताना अज्ञात वाहनाची ठोकर बसून जागीच मयत झाली. तिच्या एका पायातली चप्पल प्रेतापासून किती फुटांवर पडली होती, हेही त्यात होते. कुंकवाचा आणि काचेच्या बांगड्यांचा उल्लेख होता. वीसेक पावलांवर तिचा खराटा पडला होता. कचऱ्याची ढकलगाडी गटारात उलटी झाली होती. केराचा अर्धा भरलेला ढीग तसाच होता. त्यातले काहीच पंचनाम्यात नव्हते. मी ते सगळे डोळ्यांनी पाहिले, आणि तरीही सही केली. त्या घटकेला मला त्यात वावगे दिसले नाही. माणूस मेले होते, कागद काय, कागदासारखाच असणार, असे मला वाटले.

वावगे काय होते ते पुढे कळले. मावशी त्या दिवशी आजारी पडलेल्या दुसऱ्या बाईच्या जागी बदली म्हणून गेली होती. हजेरीपटावर नाव त्या दुसरीचे. भरपाई मागायला आम्ही गेलो तेव्हा मुकादम म्हणाला, ‘ही बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच. रस्ता ओलांडत होती असं तुमच्याच पंचांनी लिहून दिलंय.’ १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे कामावर मेलेल्या कामगाराच्या वारसांना त्या काळी किमान ५०,००० रुपये मिळायला हवेत. अज्ञात वाहनाखाली मेलेल्या पादचाऱ्याला मोटार वाहन कायद्याप्रमाणे मिळत २५,०००. मावशीच्या मुलांना हे २५,००० रुपये तिसऱ्या वर्षी मिळाले. म्हणजे ‘रस्ता ओलांडत असताना’ या तीन शब्दांनी त्या घराची निदान निम्मी रक्कम खाल्ली. आणि ते शब्द खरे असल्याची ग्वाही माझ्या सहीने दिली होती.

हा लेख त्या सहीतून निघाला आहे. परंतु तो केवळ एका सहीविषयी नाही. रस्त्यावर काम करणारा माणूस रस्त्यावर मेला की तो कामगार राहत नाही, पादचारी होतो. हे कसे घडते आणि केव्हापासून घडत आले आहे, हे मला समजून घ्यायचे आहे.

२

आपल्या समाजाचे आणि रस्त्याचे नाते सरळ कधीच नव्हते. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावरून जाताना अस्पृश्याने कमरेला झाडू बांधावा आणि आपल्या पावलांनी विटाळलेली धूळ मागे झाडीत जावे, गळ्यात थुंकीसाठी मडके अडकवावे, अशी रीत होती. बाबासाहेबांनी १९३६ साली जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या भाषणात तिची नोंद केली आहे. ते भाषण मंडळाने होऊ दिले नाही, म्हणून ते पुस्तकरूपाने आले. या रीतीकडे आपण विटाळाची गोष्ट म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्याला रस्त्यावर चालण्याचा हक्क नाही, त्यालाच तो रस्ता झाडावा लागत होता. ते झाडणे काम म्हणून मोजले जात नव्हते, कारण ती त्याच्या असण्याची शिक्षा होती.

गावगाड्यात हेच दुसऱ्या रीतीने चाले. सरकारी अंमलदाराला वाट दाखवणे, त्याचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोचवणे, सारा भरायला जाणाऱ्या पाटलाबरोबर चालणे, मयताची खबर परगावी नेणे, मेलेले ढोर ओढणे, वेस आणि शीव राखणे, ही सारी महाराची कामे. म्हणजे गावाच्या रस्त्यावरचे जवळजवळ प्रत्येक काम त्याच्याकडे. त्याबद्दल वतनाची जमीन आणि बलुते. कामाला वेळ नाही, मर्यादा नाही, मजुरीचा दर नाही. रात्रीबेरात्री वाटाड्या म्हणून गेलेला माणूस ओढ्याला वाहून गेला किंवा जनावराने खाल्ला, तर त्याची भरपाई कोणी द्यायची हा प्रश्नच उभा राहत नसे. तो त्याचा धर्म होता. या वतनाचे स्वरूप बदलावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गाववतने प्रत्यक्षात रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. मधली ३० वर्षे विसरण्यासारखी नाहीत.

बोरघाटात खोपोलीहून वर चढताना शिंगरोबाचे देऊळ लागते. लोककथा अशी की शिंगरोबा नावाच्या धनगराने गोऱ्या साहेबांना घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली. आजही ट्रकवाले त्या देवळापुढे नाणे टाकून पुढे जातात. कथा खरी की खोटी, हा वाद मी घालीत नाही. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला, हे इतिहासाच्या पुस्तकात गव्हर्नराच्या नावासह आहे. वाट दाखवणारा मात्र देवळात आहे. त्याला नाणे मिळते, मजुरी मिळाली नाही. राबून मेलेल्या माणसाला देव करण्याची ही युक्ती आपल्या परिचयाची आहे. देव केला की त्याच्या वारसांचा हिशेब करावा लागत नाही.

३

माझे वडील रस्त्यावरचेच. १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावाला दुष्काळी काम निघाले. खडी फोडायची आणि रस्त्यावर टाकायची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. आई, वडील, थोरली बहीण हातोडी घेऊन बसत. मी दगड आणून देत असे. पावलीची सुकडी आणि डोळ्यांत उडालेली कपची, एवढे त्या वर्षातले मला आठवते. त्याच कामांतून पुढे रोजगार हमी योजनेचा १९७७ चा कायदा उभा राहिला, हे मी मोठेपणी वाचले. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतले किती रस्ते त्या दुष्काळात भुकेल्या माणसांनी अंथरले, याचा विचार आपण एसटीत बसून कधी करीत नाही.

दुष्काळ संपला, गाव सुटले. वडील मुंबई–आग्रा रस्त्यावर भिवंडीच्या पुढे मैलमजूर म्हणून लागले. मैलमजूर हा शब्द आता ऐकू येत नाही. रस्त्याच्या ठरावीक मैलांवर एक टोळी असे. खड्डे बुजवणे, बाजूपट्टी भरणे, गटार मोकळे करणे, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावणे, अपघात झाला की रस्ता मोकळा करणे, ही त्यांची कामे. वडिलांना आपल्या मैलातली चिंचेची झाडे तोंडपाठ होती. त्यांची एक ताकीद आम्हां पोरांना होती, ‘गाडीकडं पाठ करून रस्त्यावर बसायचं नाही.’ ही सुरक्षिततेची त्यांची सगळी विद्या. लाल फडके बांधलेली काठी, रस्त्यात मांडलेले चार धोंडे आणि झाडाची तोडलेली फांदी, ही तिची साधने.

या मजुरांच्या नोकरीची कथा एका शब्दात सांगता येते. १९६७ साली कालेलकर करार झाला. सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांत सलग पाच वर्षे रोजंदारीवर राबलेल्या मजुराला त्याने एक दर्जा दिला. त्याचे नाव ‘रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापना’. हे नाव सावकाश वाचावे. माणूस नियमित आहे आणि अस्थायीही आहे. तरीसुद्धा वडील या कराराला मानीत, कारण त्यामुळे त्यांचे नाव सरकारी कागदावर आले. टोळीतल्या एका मजुराला ट्रकने चिरडले तेव्हा त्याच्या बायकोला काही रक्कम मिळाली, थोडी का होईना. हजेरीपटावर त्याचे नाव होते आणि तो कोणत्या मैलात कामावर होता हे लिहिलेले होते. ‘अस्थायी’ असला तरी तो कामगार म्हणून मेला.

४

वडिलांच्या आणि मावशीच्या मरणकाळात जेमतेम एका पिढीचे अंतर आहे. या अंतरात ठाणे-कल्याण पार बदलले. ठाण्याला १८५३ च्या १६ एप्रिलला देशातली पहिली प्रवासी आगगाडी आली, हे आपण शाळेत शिकवतो. पण या भागाच्या रस्त्यांचा खरा उठाव १९६२ नंतरचा. त्या वर्षी औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत उभी राहिली. मग ठाणे–बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ. १९८२ साली ठाण्याची आणि १९८३ साली कल्याणची महानगरपालिका झाली. १९८९ साली न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले. तिथले कंटेनर मुंब्रा, शीळफाटा, माजिवडा, घोडबंदर या वाटांनी भिवंडीच्या गोदामांकडे आणि गुजरातकडे निघाले.

आता एक साधी गोष्ट पाहावी. दिवसा शहरातल्या मोटारींना अडथळा होऊ नये म्हणून अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी घालतात आणि रात्री सोडतात. रस्ता दिवसा झाडला किंवा खणला तर त्याच मोटारींना अडथळा होतो, म्हणून झाडणे, डांबर टाकणे, दुभाजक रंगवणे ही कामेही रात्री आणि पहाटे होतात. हे दोन्ही निर्णय शहाणपणाचेच म्हणता येतील. परंतु दोन्ही एकत्र केले की काय होते? दिवसभर नाक्यावर अडकून पडलेला, झोप न झालेला, वेळेत माल पोचवण्याच्या धाकाखालचा ट्रकवाला, आणि अंधारात रस्त्याच्या कडेला वाकलेली बाई, हे दोघे एकाच वेळी एकाच पट्ट्यावर आणून सोडले जातात. ज्याच्या सोयीसाठी दोघांची वेळ ठरली, तो तेव्हा झोपलेला असतो. ट्रकवाल्याचा मी कैवार घेत नाही, पण त्याच्यावरच सगळे ढकलून मोकळे होणे मला पटत नाही.

झाडणाऱ्याची रीतही ध्यानात घ्यावी. रस्त्याची डावी कड धरून, वाहनांच्याच दिशेने, वाकून पुढे सरकत जायचे. म्हणजे येणारी प्रत्येक गाडी पाठीमागून येते. माझ्या वडिलांची ताकीद खराटा हातात घेतल्यावर पाळताच येत नाही.

आणि हे कोण असतात? वस्तीतून पहाटे चारला निघणाऱ्या बायका मी ३० वर्षे पाहिल्या आहेत. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या बौद्ध आणि मातंग बाया, मेहतर-वाल्मीकी, गुजरातेतून आलेले रुखी आणि मेघवाळ. खडी-डांबराच्या कामावर वडार, बेलदार, डोंगरातून उतरलेले कातकरी आणि ठाकर, आणि आता झारखंड, बिहारकडची माणसे. रस्ता शहराचा असतो, पण त्याच्या कडेला उभे राहण्याचे काम ठरावीक घरांकडेच येते.

नाक्यावर शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरांचेही तेच. होमगार्डची संघटना १९४६ साली मुंबई प्रांतात निघाली ती स्वयंसेवक म्हणून. आजही होमगार्डला मिळते ते मानधन, पगार नव्हे. पोलिसांच्या मदतीला ट्रॅफिक वॉर्डन उभे केले जातात, तेही बहुधा ठोक रकमेवर किंवा ठेकेदाराकडून. तीन हात नाक्यावर किंवा कापूरबावडीला पोलीस आणि वॉर्डन खांद्याला खांदा लावून उभे असतात. एकच गाडी दोघांवर आली, तर पोलीस कर्तव्यावर असताना मरतो आणि वॉर्डन नुसताच मरतो. मानधन, स्वयंसेवक, बदली, ठोक, कंत्राटी, हे शब्द निरनिराळे दिसतात. त्यांचे काम एकच. राबणाऱ्याला कामगार म्हणावे लागू नये, एवढीच त्यांची नोकरी.

५

मरणाची किंमत कायद्याने कशी ठरवली, तेही पाहू. १८५५ साली प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. वारसाने दिवाणी दावा लावावा, वकील करावा, असा तो मार्ग. गरिबाला तो नसल्यासारखाच. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन दावा न्यायाधिकरणे आली. १९८२ साली चूक कोणाची हे न पाहता मृत्यूबद्दल १५,००० रुपये देण्याची तरतूद झाली. १९८८ च्या नव्या कायद्यात ही रक्कम २५,००० झाली, १९९४ साली ५०,०००. गाडी सापडलीच नाही तर १९८८ साली ८,५००, १९९४ साली २५,०००. हा शेवटचा आकडा तब्बल २८ वर्षे हलला नाही. १ एप्रिल २०२२ पासून तो २ लाख झाला.

१९९४ साली कायद्याला एक कोष्टक जोडले होते. न कमावणाऱ्या माणसाचे उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरावे, त्यातून मयताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा करावा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणावे, असा हिशेब. चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या माणसाचा गुणक १५. म्हणजे १०,००० गुणिले १५, दीड लाख. पगाराचा कागद दाखवता न आलेल्या कामगाराचा दावाही पुष्कळदा या गृहीत आकड्याच्या आसपास येऊन टेकत असे. पावती न देणाऱ्या मालकाची लबाडी अशी मेलेल्या माणसाच्या पदरात तोटा म्हणून पडे. २०१८ साली हे कोष्टक काढून मृत्यूसाठी एकरकमी ५ लाख रुपये ठरले, तोवर २४ वर्षे उलटली होती.

दुसऱ्या बाजूला कामगारांचे कायदे. १९२३ च्या कायद्यात रस्ता बांधणारा आणि दुरुस्त करणारा मजूर कामगार म्हणून मोजलेला होता. १९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा आला. १९९६ साली बांधकाम कामगारांचा केंद्रीय कायदा झाला. महाराष्ट्राने त्याचे नियम केले २००७ साली आणि कल्याणकारी मंडळ स्थापन केले २०११ साली. कायदा आणि मंडळ यांच्यात १५ वर्षांचे अंतर पडले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सारे जुने कायदे नव्या चार संहितांत विरघळले. नाव बदलले, तरी दारातला प्रश्न तोच आहे. तू कामगार होतास हे दाखव. आणि ते दाखवण्याचा कागद ज्याच्या हातात असतो, त्याला तो दाखवायचा नसतो.

६

ही गोष्ट एका मावशीची नाही, याचा दाखला सर्वांच्या माहितीतला आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे चारच्या सुमारास वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली. १५ माणसे तिच्याखाली सापडली. ७ मेली, ८ जखमी झाली. सत्र न्यायालयाने आरोपीला निष्काळजीपणाबद्दल सहा महिन्यांची कैद आणि ५ लाखांचा दंड दिला. २००७ सालीच उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षांची शिक्षा केली, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. गाजलेला खटला. लोकांच्या तोंडी तो ‘फुटपाथवर झोपलेल्या लोकांचा खटला’ म्हणून राहिला. आणि मग ‘ते फुटपाथवर झोपलेच कशाला’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतून सहज विचारला गेला.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात मात्र स्पष्ट लिहिले आहे की ही माणसे मजूर होती. त्याच कार्टर रोडच्या दुरुस्तीवर एका कंपनीने त्यांना आणले होते आणि राहण्यासाठी पदपथावर तात्पुरत्या झोपड्या घालून दिल्या होत्या. ज्या रस्त्याची डागडुजी ते दिवसा करीत होते, त्याच रस्त्याने त्यांना पहाटे मारले. त्यांची झोपण्याची जागा ही त्यांच्या कामाच्या ठिकाणचाच भाग होती. निकालपत्रात ते मजूर राहिले, लोकांच्या आठवणीत ते फुटपाथवाले झाले. मावशीचा खराटा जसा कागदात आला नाही, तशी या माणसांची घमेली आणि फावडी समाजाच्या स्मरणात आली नाहीत.

रस्त्यावरच्या कामगाराला केवळ गाडीच मारते असे नाही, रस्त्याची घाईही मारते. आमच्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम रात्री चालू होते. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी तुळया उचलणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० माणसे मेली. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते भिवंडीजवळच्या आमणे गावापर्यंतचा शेवटचा टप्पा खुला झाला. उद्घाटनाच्या दगडावर कोणाची नावे कोरतात हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. माल्कमच्या काळापासून त्यात फरक पडलेला नाही.

७

काही मित्र मला विचारतात, ‘गुरुजी, रस्त्यावर सगळेच मरतात. गाडी काय जात विचारून ठोकरते?’ प्रश्न प्रामाणिक आहे. २०२२ साली भारतात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांत सर्व जातीधर्मांची माणसे असणार. गाडी जात विचारीत नाही, हे मलाही मान्य आहे. पण गाडी येण्याआधी त्या जागेवर कोणाला उभे करायचे, हे कोणी विचारलेले असते. झाडूकाम परंपरेने ठरावीक जातींच्या घरांत राहिले, ही गोष्ट शासनानेच लाड-पागे समितीच्या शिफारशींतून स्वीकारली आणि सफाई कामगाराच्या वारसाला त्याच कामावर घेण्याची तरतूद केली. त्या तरतुदीने हजारो घरांची चूल पेटती ठेवली, म्हणून तिची मी टिंगल करणार नाही. मात्र तिचा अर्थ समजून घेतला पाहिजे. कायम कामगाराच्या मुलाला बापाचा झाडू वारसाने मिळतो. कंत्राटी कामगाराच्या मुलाला तोही मिळत नाही.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. मेलेल्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. अहवालात मेलेल्यांचे वर्ग आहेत. पादचारी, सायकलवाला, दुचाकीवाला, रिक्षा, मोटार, ट्रक, बस, इतर. रस्त्यावर काम करीत असताना मेलेल्या माणसाचा रकाना त्यात नाही. त्या ३२,८२५ मध्ये किती जणांच्या हातात खराटा होता, किती जण खड्डा बुजवीत होते, किती जण शिट्टी फुंकीत होते, हे त्या तक्त्यातून कोणालाही काढता येणार नाही. कारखान्यातला अपघात २०२५ पर्यंत कारखाने कायद्याखाली नोंदला जाई. रस्ता हा कारखाना नाही, म्हणून तिथले मरण त्या नोंदीतही येत नसे. रस्त्यावर काम चालू असताना इशाऱ्याचे फलक किती अंतरावर लावावेत, निशाणवाला कुठे उभा करावा, याचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसने २००१ साली छापले आणि २०१४ साली सुधारले. नियम चांगले आहेत. पण ते मोडल्यामुळे किती मजूर मेले हे मोजणारा रकानाच नसेल, तर नियम मोडणाऱ्याला भीती कशाची? रेडियमचे जाकीट अंगावर चढवले की जबाबदारी संपली, असे ठेकेदाराला वाटते. अंधारात ते जाकीट चमकते, हे खरे. आतला माणूस तक्त्यात दिसत नाही, हेही तितकेच खरे.

बाबासाहेबांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला, त्यामागे मला हीच दृष्टी दिसते. भंगी, झाडूवाला ही जातीची ओळख पुसून ‘कामगार’ ही ओळख मिळवायची होती. ती मिळते, हेही इतिहास सांगतो. मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने ठेकेदारांच्या नावाखाली लपवलेल्या कामगारांसाठी वर्षानुवर्षे लढा दिला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २,७०० जणांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. त्या लढ्यातही हजेरीपटावर नाव असणे-नसणे हाच कळीचा मुद्दा होता. कामगार या एका शब्दासाठी माणसांना आयुष्य घालवावे लागते.

८

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. अपघाताच्या नोंदीत ‘मयत त्या वेळी रस्त्यावर काम करीत होता काय, आणि कोणासाठी’ हा प्रश्न सक्तीचा असावा आणि त्याचे उत्तर दरवर्षीच्या अहवालात छापून यावे. बदली कामगाराचे नाव त्याच पहाटे हजेरीपटावर चढावे. ठेकेदाराने नाकारले तर ज्या संस्थेचा रस्ता तिने उत्तर द्यावे. मोठ्या रस्त्यावर झाडणाऱ्यांच्या पाठीमागे इशाऱ्याची गाडी चालावी. या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. रेल्वेच्या रुळांवरल्या गँगमनजवळ लाल झेंडीवाला उभा करायचा असतो, हे रेल्वेने फार पूर्वी मान्य केले. रस्त्यावरच्या माणसाला तेवढाही मान मिळालेला नाही.

पण शासनाने काही करण्याची वाट न पाहता आपल्याला करता येईल असेही एक काम आहे, आणि ते मी विशेषतः शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना सांगतो. आपल्या वस्त्यांत पंच म्हणून आपल्यालाच बोलावतात. सही आपल्याला येते म्हणून बोलावतात. ती सही हे बाबासाहेबांच्या चळवळीने आपल्या हाती दिलेले हत्यार आहे, आणि मी ते उलटे धरले. पंचनामा घाईने वाचू नका. प्रेताभोवती काय पडले आहे ते पाहा. खराटा, घमेले, पाटी, शिट्टी, निशाण, ढकलगाडी, जे असेल ते लिहायला लावा. ‘रस्ता ओलांडत असताना’ असे कोणी लिहू लागला, तर ‘रस्ता झाडत असताना’ असे लिहा म्हणून सांगा. तो लिहीत नसेल तर सही करू नका. आपल्या भागात मागच्या १०-२० वर्षांत असे कोण कोण गेले, त्यांची नावे, काम, ठिकाण, वेळ, मिळालेली रक्कम यांची एक वही प्रत्येक वस्तीत ठेवा. हा आपला इतिहास आहे आणि तो दुसरे कोणी लिहून ठेवणार नाही.

माझ्याकडच्या वहीत पहिले नाव मावशीचे आहे. कामाच्या रकान्यात मी ‘रस्ता सफाई कामगार’ असे लिहिले आहे. त्या नोंदीने तिच्या मुलांना आता एक पैही मिळणार नाही, हे मला माहीत आहे. तिचा धाकटा मुलगा आज एका ठेकेदाराकडे रात्रपाळीला रस्त्यावर असतो. निघताना तो दारावरून जातो, तेव्हा मी त्याला एवढेच विचारतो, ‘हजेरीवर नाव चढलंय ना रे?’

बहुतेक वेळा तो मान हलवतो. कधी कधी नुसताच हसतो आणि पुढे जातो.